सल्ला: काकांवर आळ घेण्याआधी फ्लाइट लॉग उघड

पत्र:

दादा, माझ्याकडे छोटा कॅमेरा ड्रोन आहे. परवा संध्याकाळी उजेड जायच्या आत एक शॉट हवा होता म्हणून घाईतच उडवला. इमारतीच्या भिंतीजवळून टेकऑफ केला, खालूनच कडेकडेने पुढे नेला आणि मग मागच्या बाजूला वर घेतला. साधारण ४० मीटरवर असताना स्क्रीनवरचं चित्र गोठलं आणि स्टिक कितीही हलवल्या तरी काहीच नाही. माझा मित्र पलीकडे उभा होता, तो सांगतो की ड्रोन आधी सरळ वर गेला, मग माझ्याकडे यायचं सोडून भलत्याच बाजूला गेला. मी धावत वळसा घालून पोचलो तेव्हा तो एका मोकळ्या जागेवर हळूहळू खाली येत होता आणि तेवढ्यात परत कनेक्ट झाला, म्हणून वाचला. शेजारच्या काकांशी ड्रोनवरून माझं आधीच वाजलंय, पुन्हा उडवलास तर पाडून टाकीन असं ते सगळ्यांसमोर बोललेत, आणि त्यांचा मुलगा नेटवर्किंगमध्ये आहे. मला जवळपास खात्री आहे की त्यानेच ड्रोन हॅक केला. एक मित्र म्हणतो पोलिसात जा, दुसरा म्हणतो आपणही एक जॅमर, म्हणजे सिग्नल बंद पाडणारं यंत्र, घेऊन ठेवू. खरंच उडता ड्रोन असा कोणी पळवू शकतं का? विकून टाकू का?

उत्तर:

विकू नकोस, पोलिसात आत्ता जाऊ नकोस, आणि जॅमर तर अजिबात घेऊ नकोस. का ते सांगतो, थोडं लांबेल पण पूर्ण वाच, कारण यात तुझ्या ड्रोनइतकाच तुझ्या शेजारच्या माणसांचाही प्रश्न आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, उडता ड्रोन जॅम करता येतो, त्याला खोटी जागा दाखवून फसवता येतं, आणि काही ड्रोनचा ताबाही घेता येतो. पण या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लोक तिन्हीला मिळून "हॅक" म्हणतात आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. जॅम करणं त्यातल्या त्यात सोपं, फसवणं अवघड, आणि आजच्या चांगल्या ड्रोनचा हवेतल्या हवेत ताबा घेणं तर फारच अवघड. आणि तू जे वर्णन लिहिलंयस ना, ते मला या तिन्हीपैकी कशासारखंच वाटत नाही.

तुझंच पत्र परत वाच. "आधी सरळ वर गेला, मग भलत्याच बाजूला गेला, मग हळूहळू खाली येत होता." हे रिटर्न टू होम आहे, अगदी क्रमाने. रिमोटचा सिग्नल तुटला की बहुतेक कॅमेरा ड्रोन काही सेकंद वाट बघतात, मग आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतात म्हणजे वाटेत झाड किंवा इमारत लागू नये, मग होम पॉइंटकडे, म्हणजे आपलं घर म्हणून नोंदवून ठेवलेल्या जागेकडे, सरळ रेषेत जातात आणि तिथे उतरायला लागतात. ड्रोन पळवणारा माणूस हे असं कशाला करेल? त्याला ड्रोन हवा असेल तर तो स्वतःकडे नेईल, पाडायचा असेल तर पाडेल. वर चढून, आडवं जाऊन, मोकळ्या जागेवर शांतपणे उतरत जाणं हे ड्रोनच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचं काम आहे.

मग तुझ्याकडे का नाही आला? माझा अंदाज असा की त्याचं "होम" तुझ्या पायाशी नव्हतंच. होम पॉइंट ड्रोन कधी लिहून ठेवतो, तर त्याला पुरेसे सॅटेलाइट मिळाले की. तू टेकऑफ केलास भिंतीला लागून, तिथे अर्धं आकाश इमारतीनेच झाकलेलं, घाईत होतास त्यामुळे "होम पॉइंट रेकॉर्ड झाला" हा मेसेज यायची वाट पाहिली नसणार. मग तू तो कडेकडेने पुढे नेलास, आकाश मोकळं झालं, सॅटेलाइट मिळाले, आणि ड्रोनने तिथेच, त्या मोकळ्या जागेवर, आपलं घर नोंदवलं. नंतर तू तो इमारतीच्या मागे वर घेतलास, म्हणजे तुझ्या आणि त्याच्या मध्ये सगळी इमारत आली, आणि २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झचा सिग्नल काँक्रीट आणि लोखंडातून फारसा आरपार जात नाही. चित्र गोठलं, लिंक गेली, ड्रोन त्याला माहीत असलेल्या घरी निघाला. तू वळसा घालून समोर आलास, मधली इमारत गेली, लिंक परत आली. सगळं जुळतंय बघ, आणि यात काकांचा मुलगा कुठेच लागत नाही.

हा अंदाज आहे, पण तपासता येण्यासारखा अंदाज आहे, कारण तुझ्या ॲपमध्ये त्या उड्डाणाचा फ्लाइट लॉग, म्हणजे सेकंदासेकंदाची नोंद, पडलेला असणार. तो उघड आणि प्लेबॅक करून नकाशावर बघ. होम पॉइंट कुठल्या सेकंदाला नोंदला गेला आणि तेव्हा ड्रोन कुठे होता? सिग्नल तुटल्याची नोंद आहे का, आणि त्या क्षणी तुझ्यापासून ड्रोनपर्यंत सरळ रेघ मारली तर ती इमारतीतून जाते का? त्यानंतर मोड बदलून रिटर्न टू होम झालाय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सॅटेलाइटचा आकडा, तो त्या सगळ्या वेळात नीट होता का.

कारण खरं जॅमिंग झालं असतं तर लॉग वेगळा दिसला असता. जीपीएसचे सॅटेलाइट जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि तिथून येणारा सिग्नल आपल्यापर्यंत पोचताना इतका क्षीण झालेला असतो की रिसिव्हरच्या स्वतःच्या नॉइजच्याही खाली असतो, गणिताने तो त्यातून वेगळा काढावा लागतो. लांबच्या माणसाची कुजबुज ऐकायचा प्रयत्न करताना कानाशी कोणी ओरडायला लागलं तर जे होईल तेच जीपीएसचं होतं. त्याच फ्रीक्वेन्सीवर अगदी कमी पॉवरचा ट्रान्समीटर लावला तरी आजूबाजूचे सगळे रिसिव्हर आंधळे होतात. म्हणजे मोकळ्या आकाशाखाली १८ वगैरे सॅटेलाइट दिसत असताना आकडा एकदम कोसळून शून्यावर गेला, ड्रोन जीपीएसशिवायच्या मोडवर, ज्याला लोक ॲटी मोड म्हणतात त्यावर, आला आणि वाऱ्याबरोबर वाहत जायला लागला, असं दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे. आणि मुख्य म्हणजे जीपीएसच गेला असता तर ड्रोन धड होम पॉइंटपर्यंत पोचलाच नसता, कारण होम कुठे आहे हे त्याला जीपीएसवरूनच कळतं. तुझा तर सरळ जाऊन उतरायला लागला होता.

रिमोटची लिंक जॅम करणं जरा वेगळं. तिथे खेळ अंतराचा असतो. तुझा रिमोट ड्रोनपासून लांब आणि जॅमर जवळ असेल तर जॅमर जिंकतो, कारण अंतर दुप्पट झालं की पोचणारा जोर चौथाईवर येतो. नवीन ड्रोन सारखे चॅनेल बदलत राहतात, काही तर २.४ वरून ५.८ वर आपोआप उडी मारतात, त्यामुळे त्यांना जॅम करायला सगळा बँड एकदम झाकावा लागतो आणि त्याला पॉवर लागते. पण जमतं. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी इतकं जॅमिंग झालं की २०२४ पासून मागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत जाणारे ड्रोन मोठ्या प्रमाणात वापरात आले, रेडिओच नाही तर जॅम काय करणार. म्हणजे हे काल्पनिक नाहीये. फक्त एक लक्षात ठेव, तुझ्या आसपास कोणी २.४ गिगाहर्ट्झवर तेवढा मारा केला असता तर त्या वेळी आजूबाजूच्या घरांतलं वायफाय आणि ब्लूटूथही रडलं असतं. विचार ना दोघाचौघांना, त्या संध्याकाळी नेट गेलं होतं का.

सिव्हिलियन कार्यक्रमात जीपीएस जॅमिंग काय करतं याचं एक उदाहरण सांगतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये हाँगकाँगला बंदरावर ड्रोनचा लाइट शो चालू असताना ४६ ड्रोन खाली पडले, आणि आयोजकांनी कारण सांगितलं ते जीपीएस जॅमिंग. शोमधले ड्रोन आपली जागा जीपीएसवरून धरून असतात, तो गेला की त्यांच्याकडे दुसरं काही फारसं नसतं.

आता फसवणं, म्हणजे स्पूफिंग. यात सिग्नल बुडवत नाहीत, खोटा सिग्नल तयार करून पाठवतात, म्हणजे ड्रोनला वाटतं आपण दुसरीकडेच आहोत. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या टीमने अमेरिकेतल्या व्हाइट सँड्स इथे एका छोट्या हेलिकॉप्टर ड्रोनवर हे करून दाखवलं. ड्रोनला वाटलं आपण वर चाललोय, म्हणून तो स्वतःला सावरायला खाली यायला लागला. हे शक्य झालं कारण जीपीएसचा जो सिग्नल सगळ्या लोकांसाठी खुला आहे त्यावर "हा खरंच सॅटेलाइटकडूनच आलाय" याची कुठलीही सही नसते. २०१६ च्या सुमारास मॉस्कोत क्रेमलिनजवळ फिरणाऱ्यांच्या फोनवर ते शहराबाहेरच्या व्नुकोवो विमानतळावर असल्याचं दिसायचं, आणि त्यामागचं सगळ्यात पटणारं कारण असं सांगितलं जातं की बरेच ड्रोन विमानतळाजवळ उडायला नकार देतात, मग ड्रोनला विमानतळावर आहोत असं वाटायला लावलं की तो आपोआप अडतो. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात ड्रोनच्या आत कोणीही शिरलेलं नाही, तरी तो दुसऱ्याच्या इच्छेने वागतोय. स्पूफिंग झालं असेल तर लॉगमध्ये जागा एका सेकंदात शेकडो मीटर उडी मारते, किंवा स्पीड आणि ड्रोनचा कल यांचा मेळच बसत नाही. तुझ्या लॉगमध्ये असं काही आहे का तेही बघून टाक, पण मला नाही वाटत.

राहिला खरा हायजॅक, ज्याची तुला भीती आहे. तोही झालेला आहे, करून दाखवलेला आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सॅमी कामकार या सिक्युरिटी रिसर्चरने स्कायजॅक नावाचा प्रकार दाखवला. पॅरट कंपनीचा एआर ड्रोन तेव्हा पासवर्ड नसलेल्या उघड्या वायफायवर चालायचा. कामकारने आपल्याच ड्रोनवर रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक बसवला, तो उडताना आजूबाजूचे असे ड्रोन शोधायचा, मालकाचा फोन वायफायवरून हाकलायचा आणि स्वतः जोडला जायचा. झालं, ड्रोन याचा. मग २०१६ मध्ये टोकियोला एका परिषदेत जोनाथन अँडरसन यांनी इकारस नावाचं ताबा घेणारं यंत्र दाखवलं, ते होतं डीएसएमएक्स या रिमोट प्रोटोकॉलवर, म्हणजे रिमोट आणि ड्रोनने बोलायच्या पद्धतीवर, जो हौशी विमानं आणि ड्रोनवाले भरपूर वापरायचे. रिमोट आणि रिसिव्हरमधला गुप्त कोड काढता येण्याइतका कच्चा होता, आणि खऱ्या रिमोटच्या क्षणभर आधी आपला सिग्नल पोचवला की रिसिव्हर मालकाचं ऐकणंच बंद करायचा. जो घरी जुळवलेले ड्रोन उडवतो त्याने हे नीट समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण मॅव्हलिंक या कमांड पाठवायच्या पद्धतीवर चालणाऱ्या बऱ्याच ड्रोनमध्ये आजही कमांडवर सही करायची सोय असते पण ती चालूच केलेली नसते, आणि एक्सप्रेसएलआरएस या रिमोट लिंकमधली बाइंडिंग फ्रेज, म्हणजे रिमोट आणि ड्रोन जोडायला टाकतात तो शब्द, ही पासवर्ड नाहीये, ती फक्त एकाचा रिमोट चुकून दुसऱ्याच्या ड्रोनला जोडला जाऊ नये म्हणून आहे.

तुझ्या ड्रोनसारख्या मोठ्या कंपन्यांच्या नव्या मॉडेल्समध्ये रिमोट आणि ड्रोनमधली लिंक एनक्रिप्टेड, म्हणजे दुसऱ्याला वाचता न येणाऱ्या कोडमध्ये, असते. म्हणून ते अभेद्य आहेत असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये जर्मनीतल्या बोखुम आणि सारब्रुकनच्या संशोधकांनी डीजेआय या ड्रोन कंपनीच्या ड्रोनमध्ये १६ त्रुटी काढल्या, त्यातल्या काहींनी तर उडता ड्रोन पाडता येत होता, कंपनीने त्या जाहीर व्हायच्या आधी दुरुस्त केल्या. म्हणजे अपडेट टाकणाऱ्याचा ड्रोन वाचला आणि "नंतर करू" म्हणणाऱ्याचा तसाच उघडा राहिला. पण हे काम करायला संशोधकांच्या एका टीमला फर्मवेअर, म्हणजे ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर, फोडत बसावं लागलं. नेटवर्किंगची नोकरी करणारा मुलगा बाल्कनीत उभा राहून लॅपटॉपवर दोन मिनिटांत हे करेल हे डोक्यातून काढून टाक. नेटवर्किंग हा वेगळा विषय आहे, ते येतं म्हणून हे येतं असं नसतं.

त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट मात्र तुझ्या कामाची आहे. ड्रोन उडताना स्वतःची जागा आणि ऑपरेटरची जागा, म्हणजे तू कुठे उभा आहेस ते, हवेत पाठवत असतो आणि ते एनक्रिप्टेड नव्हतं. बऱ्याच देशांत आता रिमोट आयडी, म्हणजे उडत्या ड्रोनने आपली ओळख सांगत राहायच्या नियमामुळे, असं पाठवणं कायद्यानेच लागतं, आणि फोनवरच्या साध्या ॲपनेही बरेचदा ते वाचता येतं. त्यामुळे ड्रोन कोणी पळवो न पळवो, तो कोण आणि कुठून उडवतंय हे कळणं मात्र सोपं झालंय. काकांच्या खिडकीसमोर तू ड्रोन नेतोस की नाही हे मला माहीत नाही, पण नेत असशील तर त्यांचा राग मला समजतो.

जॅमरबद्दल. बहुतेक देशांत साध्या नागरिकाने जॅमर वापरणं गुन्हा आहे, कित्येक ठिकाणी जवळ ठेवणंही. आणि त्याचं कारण ड्रोन नाहीये. अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळून एक ड्रायव्हर आपल्या गाडीत छोटा जीपीएस जॅमर लावून जायचा, मालकाला गाडी कुठे आहे ते कळू नये एवढाच त्याचा हेतू. त्याने विमानतळावरच्या विमानं उतरवायला मदत करणाऱ्या यंत्रणेत गडबड झाली, आणि २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२,००० डॉलर दंड सांगितला गेला. बाजूने जाणारी ॲम्ब्युलन्स, कोणाचा तरी इमर्जन्सी कॉल, वरून जाणारं विमान, जॅमरला यातला फरक कळत नाही. शिवाय तू जॅमर घेऊन करणार काय? त्याने तुझा ड्रोन वाचत नाही, उलट तो चालू केलास तर पहिला बळी तुझाच. आणि "अँटी-जॅमर" म्हणून ऑनलाइन जे डबे विकतात त्यात पैसे घालू नकोस, लष्करी ड्रोनवर जे खास अँटेना असतात ते वेगळे, ते तुझ्या छोट्या ड्रोनवर बसतही नाहीत.

त्यापेक्षा उडवण्याच्या सवयी बदल. लिंक तुटली की ड्रोन काय करेल हे टेकऑफच्या आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवायची सेटिंग तुझ्या हातात आहे. मग ती लिंक इमारतीने तोडो नाहीतर जॅमरने, ड्रोन वागणार तू सांगून ठेवलंस तसाच. भिंतीपासून लांब, मोकळ्यावर ये, होम पॉइंट नोंदल्याचा मेसेज येईपर्यंत थांब, आणि नकाशावर तो खरंच तुझ्या पायाशी आहे का ते डोळ्यांनी बघ. रिटर्नची उंची आसपासच्या सगळ्यात उंच इमारतीच्या बरीच वर ठेव. सिग्नल गेल्यावर परत येऊ दे, जागेवर थांबू दे की तिथेच उतरू दे, हा पर्याय प्रत्येक जागेला वेगळा योग्य असतो, दाट झाडीत किंवा छताखाली परत यायची सेटिंग म्हणजे ड्रोन वर जाऊन आपटणार. ड्रोन नजरेआड नेऊ नकोस, हा नियम बहुतेक सगळीकडे आहे आणि तुझ्या बाबतीत नेमकं तेच नडलं. रिमोटच्या अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखू नकोस, टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी जातो, सपाट बाजू त्याच्याकडे हवी. फर्मवेअर अपडेट टाक. कोणाकडे वायफायवाला खेळण्यातला ड्रोन असेल तर त्याचा पासवर्ड बदलता येतो का ते बघ, बरेचदा येत नाही, मग तो घरात आणि कमी उंचीवरच उडवावा.

आणि कधी खरंच जीपीएस गेला तर घाबरून स्टिक कोपऱ्यात दाबून धरू नकोस. लिंक शाबूत असेल तर ड्रोन अजून तुझं ऐकतोय, फक्त जागेवर थांबत नाहीये, वारा नेईल तिकडे चाललाय. उंची हळूहळू कमी कर, खाली वाराही कमी असतो आणि खालच्या बाजूचे कॅमेरे जमीन ओळखून त्याला धरायला लागतात, आणि जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरव. मग चालत जाऊन उचलून आण.

आता काका. तू त्यांच्या मुलावर चोरीसारखा आळ मनात धरून बसलायस आणि हातात पुरावा काहीच नाही. ते रागात बोलले हे खरं, "पाडून टाकीन" हे बोलायला नको होतं हेही खरं, पण पाडून टाकीन म्हणणारा माणूस दगडाचा विचार करत असतो रे, रेडिओचा नाही. एकदा त्यांच्याकडे जा, ड्रोन घेऊन जा, बंद अवस्थेत. कॅमेऱ्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही ते त्यांना तुझ्या स्क्रीनवर दाखव, कुठल्या बाजूला आणि कुठल्या वेळी उडवशील ते सांग, आणि त्यांच्या खिडक्यांच्या बाजूला नेणार नाही हे कबूल कर आणि पाळ. त्यांच्या मुलाला रस असेल तर त्यालाच ऑब्झर्व्हर म्हणून पलीकडच्या बाजूला उभं कर. परवा तुझा मित्र तिथे होता म्हणून आपल्याला एवढं तरी कळलं.

लॉग बघून मला कळव. होम पॉइंट हवेत, त्या मोकळ्या जागेवर नोंदलेला निघाला तर विषय संपला, लगेच परत उडव. पण आकाश मोकळं असताना सॅटेलाइट एकदम शून्य झालेले दिसले, आणि त्याच जागी दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तर तिथे उडवणं थांबव, दोन्ही लॉग कॉपी करून ठेव, वेळ लिहून ठेव आणि रेडिओ फ्रीक्वेन्सी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार कर. जॅमर कुठून चालतोय हे दिशा मोजून शोधायची साधनं त्यांच्याकडे असतात. तक्रारीत कोणाचंही नाव घालू नकोस, फक्त जागा, वेळ आणि लॉग.